माझ्या दिरांना वैरी हवा होता

माझे धाकटे दीर चष्म्याचं दुकान चालवतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी जो नंबर लिहून दिला त्यात आपली अक्कल चालवायची नाही, तेवढ्याच नंबराची काच घासायची आणि फ्रेममध्ये बसवून द्यायची, हा त्यांच्या धंद्याचा नियम. नियम चांगलाच आहे. अडचण एवढीच, की रविवारचं प्रवचनही ते याच नियमानं ऐकतात. फादरांनी सांगितलं म्हणजे लिहून दिलं. सोमवारी सकाळी काच घासायला सुरुवात.

आम्ही बाकीची माणसं प्रवचन ऐकतो, माना हलवतो, चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत अर्धं विसरतो आणि उरलेलं अर्धं शेजारणीला लागू करतो. दिरांना ही सोय जमत नाही. दिवा टोपलीखाली झाकून ठेवू नये असं एका रविवारी सांगितलं गेलं, तर त्यांनी दुकानातल्या सगळ्या दिव्यांची झाकणं काढून टाकली. अक्षरांच्या तक्त्यासमोर बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "मला दिसत काही नाही, पण रडू फार येतंय." दोन कोट असतील त्यानं एक द्यावा, हे ऐकल्यावर तर कहर झाला. दिरांकडे कोट एकच होता. पण लग्नानं नवरा-बायको एकदेह होतात, तेव्हा घरात एकाच देहाचे दोन कोट झाले, असा विचार करून त्यांनी माझ्या जावेचा कोट देऊन टाकला. ऐन थंडीत. जाऊबाईंनी त्या एकदेहाशी बरेच दिवस बोलणं टाकलं होतं.

हसायला येतं खरं. पण दर रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेआधी हाच माणूस चर्चच्या दाराशी मऊ फडकं आणि छोटा पेचकस घेऊन उभा असतो. येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा चष्मा काढून घेतो, काचा पुसतो, सैल काडी आवळतो आणि पुन्हा नाकावर ठेवून देतो. गीतांचं पुस्तक कुणाला धूसर दिसू नये म्हणून. पाऊस असो, थंडी असो, स्वतःला ताप असो, हे चुकत नाही. आत गेल्यावर गुडघे टेकून डोळे मिटले, की शेजारी कुणी शिंकलं तरी त्यांना कळत नाही. माझे यजमान म्हणायचे, "आमच्या धाकट्याला देवानं भक्ती दिली ती बादलीनं ओतून दिली, मग चमचाभर व्यवहार घालायचा राहून गेला."

यजमान गेले, तेव्हापासून दिरांना मन मोकळं करायला एकच माणूस उरला: शेजारच्या दुकानातला घड्याळजी. दोन दुकानांमध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीत पुस्तकाएवढी एक खिडकी. दुपारी चारला खिडकी उघडायची, एका दिवशी इकडून कप तिकडे जायचा, दुसऱ्या दिवशी तिकडून इकडे. चहा पिता पिता दोघं एकमेकांना टाकून बोलायचे आणि समाधानानं कामाला लागायचे. घड्याळजीची जीभ त्याच्या चिमट्यासारखी, बारीक पण पकड घट्ट. चर्चच्या मनोऱ्यातलं घड्याळही तोच बघतो, आणि प्रवचन सुरू झालं की नेमकं त्याला वर तेल घालायचं आठवतं.

दोघांच्या पाट्यांबद्दलही सांगायला हवं. दिरांच्या दुकानावर पत्र्याचा भलामोठा चष्मा आहे. शेजारी घड्याळजीचं पत्र्याचं गोल घड्याळ असं लटकतं, की चष्म्याची एक काच त्याच्यामागे पूर्ण झाकली जाते. गल्लीत दिरांच्या दुकानाचं नावच पडलं एका डोळ्याचं दुकान. हे नाव ठेवलं घड्याळजीनंच. दिरांना त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

तर एका रविवारी फादरांनी वैऱ्यावर प्रीती करण्याविषयी प्रवचन दिलं. आमचे फादर तरुण आहेत, मनापासून बोलतात. मित्रावर प्रेम कुणीही करतो, त्यात काय मोठंसं, खरी परीक्षा वैऱ्यापाशी, असं म्हणाले. मी दिरांकडे पाहिलं. ते फादरांकडे एकटक बघत ऐकत होते.

सोमवारी दुपारी मी आणि जाऊबाई त्यांच्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. दीर दुकानातून घरी आले आणि खुर्ची ओढून आमच्यासमोर बसले.

"वहिनी, मला वैरी नाही."

"देवाचे आभार माना, भाऊजी."

"आभार कसले? मग मी प्रीती कुणावर करू?"

"घरात बायको आहे," जाऊबाई मटारवरची नजर न काढता म्हणाल्या. "सराव म्हणून तिच्यावर करून बघा."

"थट्टा नको. तू मला इतकी वर्षं ओळखतेस. माझा द्वेष करणारं कुणीतरी असेलच ना?"

"अहो, तुमचा द्वेष करायचा तर आधी तुम्ही माणसाच्या लक्षात राहायला हवेत. लोक तुमच्याकडून चष्मा नेतात, नाकावर ठेवतात आणि तुम्हाला विसरतात."

"तो समोरचा बेकरीवाला? मागे एकदा माझ्याकडे रागानं बघत होता."

"त्याचा नंबर वाढलाय. तो सगळ्यांकडेच तसं बघतो. तुम्हीच म्हणाला होतात."

दिरांनी एक सुस्कारा टाकला, मूठभर मटार तोंडात टाकले आणि विचार करत निघून गेले. "ताई, या शांततेची मला भीती वाटते," जाऊबाई म्हणाल्या. "कोट जाण्याआधीही हे असेच मटार खात होते."

दुसऱ्या दिवशी मी घड्याळजीकडे गेले होते, मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा बदलून घ्यायला. तो एका डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळाचं पोट उघडून बसला होता, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग धरून. बाकावर आणखी दोन गिऱ्हाइकं होती. एवढ्यात दीर आत आले. मंगळवार असून अंगात रविवारचा कोट. मी तेव्हाच निघून जायला हवं होतं, पण पट्टा घड्याळजीकडे होता.

दिरांनी छातीवर क्रुसाची खूण केली आणि म्हणाले, "मी तुला क्षमा केली."

स्प्रिंग चिमट्यातून उडाली. पुढचं सगळं संभाषण घड्याळजीनं जमिनीवर रांगत केलं.

"कशाबद्दल?"

"तुझ्या घड्याळानं माझा चष्मा झाकला, त्याबद्दल. माझ्या दुकानाला तू एका डोळ्याचं दुकान म्हणतोस, त्याबद्दल. माझ्या लग्नात तू मोठ्यानं म्हणालास, की नवरीनं चष्मा न लावताच नवरा पसंत केलेला दिसतो. त्याबद्दलही."

बाकावरचं एक गिऱ्हाईक फिसकन हसलं. घड्याळजी गुडघ्यांवर उठून बसला. भिंग अजून डोळ्यालाच होतं, त्यामुळे त्याचा एक डोळा भलताच मोठा दिसत होता.

"म्हणजे हे सगळं इतकी वर्षं पोटात ठेवून तू माझा चहा पीत होतास?"

इथे दुसरा कुणीही हो म्हणून मोकळा झाला असता. दिरांना खोटं बोलता येत नाही.

"नाही रे. काल बसून आठवलं."

"बसून आठवलंस?"

"हो. बराच वेळ लागला."

"कामधंदा सोडून, माझ्याविरुद्ध काय काय सापडतंय ते शोधत बसलास?"

"तुझ्याविरुद्ध नाही, तुझ्यावर प्रीती करण्यासाठी. दुसरं कुणी सापडेना. वैरी म्हणून तूच त्यातल्या त्यात जवळचा."

घड्याळजी उठला. त्यानं गुडघे झटकले, भिंतीतल्या खिडकीपाशी गेला आणि तिची कडी लावली. मग मला म्हणाला, "बाई, तुमचा पट्टा उद्या." माझ्या डायरीत त्या मंगळवारच्या पानावर 'पट्टा झाला नाही' एवढंच लिहिलेलं आहे. जास्त लिहवेना.

ध्यानीमनी नसताना दिरांना अस्सल वैरी मिळाला. त्यांना वाईटही वाटलं, पण खोटं कशाला बोलू, सुरुवातीला हुरूपही आला. आता प्रीती जोरात सुरू झाली. रोज सकाळी दुकान उघडलं की ते त्या बंद खिडकीसमोर उभे राहून प्रार्थना म्हणायचे. आवाज मुळातच खणखणीत. "प्रभू, भिंतीपलीकडच्या माझ्या या वैऱ्याला आशीर्वाद दे, त्याचं मन मऊ कर." भिंतीपलीकडे घड्याळजीची गिऱ्हाइकं हे ऐकायची आणि त्याच्याकडे बघायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी घड्याळजीनं दुकानातल्या सगळ्या गजरांना नेमक्या प्रार्थनेच्या वेळेची किल्ली दिली. दिरांनी 'प्रभू' म्हणायचा अवकाश, की पलीकडे सगळी घड्याळं एकदम कोकलायला लागायची. दिरांनी आवाज चढवला. समोरच्या बेकरीवाल्यानं दार लावून घेतलं.

मग जाऊबाईंकडून केक करून घेऊन पाठवला. तो जसाच्या तसा परत आला, वर निरोप: "आधी स्वतः खाऊन दाखव." दिरांनी त्याच्या दारात उभं राहून अर्धा केक खाऊन दाखवला. घड्याळजीनं पडदा ओढला.

हळूहळू हुरूप ओसरला. एका दुपारी मी दुकानात गेले, तर दीर खिडकीसमोर स्टूल टाकून बसलेले. पुढ्यात दोन कप. दोन्ही गार.

"भाऊजी, दुसरा कप कुणाचा?"

"सवयीनं होतो, वहिनी." मग बंद खिडकीकडे बघत म्हणाले, "दादा गेला तेव्हा हा रोज माझ्याजवळ नुसता बसायचा. काही बोलायचा नाही. तो, आणि न बोलता. हे मला त्या यादीत आठवलंच नाही. मी फक्त वाईट आठवायला बसलो होतो ना."

त्या रात्री ते जेवले नाहीत असं जाऊबाईंकडून कळलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जावांनी त्यांना मध्ये घेतलं आणि फादरांकडे नेलं. फादरांनी सगळं ऐकून घेतलं. गजरांपाशी आल्यावर त्यांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड खिडकीकडे फिरवलं.

"काका," ते शेवटी म्हणाले, "मी वैऱ्यावर प्रीती करा म्हणालो होतो. वैरी तयार करा नव्हतो म्हणालो."

"पण मला नव्हताच ना, फादर."

"नव्हता तर त्या रविवारी गप्प बसून ऐकायचं होतंत. चर्चमध्ये इतकी माणसं असतात, प्रत्येक वाक्य प्रत्येकासाठी थोडंच असतं?"

दीर थबकले. "म्हणजे तो नंबर माझा नव्हता?"

फादरांना काही कळलं नाही, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नव्हता, भाऊजी," मी म्हटलं. "आणि तुम्ही तो चष्मा घड्याळजीच्या नाकावर नेऊन बसवलात."

दिरांचा चेहरा पांढरा पडला. एकाचा चष्मा दुसऱ्याला देणं म्हणजे त्यांच्या धंद्यातलं महापाप. त्यांनी हातातली टोपी गोल फिरवली. "आता काय करू?"

"क्षमा," फादर म्हणाले.

"ती केली की. तिथूनच तर सगळं सुरू झालं."

"करायची नाही, काका. मागायची."

"मागायची?" दिरांनी हा शब्द असा उच्चारला, की जणू उलटा चष्मा घालायला सांगितलाय. "ती मी देवाकडे मागतो, फादर. माणसांना नेहमी देतच आलोय."

"देणं सोपं आहे हो," जाऊबाई म्हणाल्या. "माझा कोट देतानाही तुम्हाला काही जड गेलं नव्हतं."

चारला थोडा अवकाश असताना दीर घड्याळजीकडे गेले. या वेळी साध्या कपड्यांत. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत पाठ केलं होतं, आम्हाला दोनदा म्हणूनही दाखवलं होतं. मी आणि जाऊबाई इकडे दिरांच्या दुकानात त्या बंद खिडकीला कान लावून उभ्या राहिलो. या वयात हे शोभत नाही. पण खिडकीच्या फळीला एक फट होती, आणि आम्ही दोघी आळीपाळीनं डोळा लावत होतो.

घड्याळजी कामाच्या मेजावर वाकून बसला होता. भांडणामुळे त्यानं नवा चष्मा दुसरीकडून, बाजारातल्या दुकानातून आणला होता. एक काडी वर, एक खाली, चष्मा सारखा नाकावरून घसरत होता आणि तो मनगटानं मागे ढकलत होता. दीर दारात उभे राहिले. पाठ केलेलं सांगायला तोंड उघडलं. आणि त्यांची नजर त्या काडीवर गेली.

"काढ तो," ते म्हणाले.

"काय?"

"चष्मा काढ. बघवत नाही."

घड्याळजी काही बोलायच्या आत त्यांनी तो त्याच्या नाकावरून काढून घेतला, आणि तडक स्वतःच्या दुकानात आले. आम्ही दोघी खिडकीपासून उडी मारून बाजूला झालो आणि फ्रेमा बघू लागलो. त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी फ्रेम गरम केली, काडी वाकवली, पुन्हा गरम केली, टेबलाच्या सपाट काचेवर ठेवून डुगडुगते का पाहिली, नाकावरच्या पॅडा चिमटीत घेऊन जवळ आणल्या. काचा पुसल्या. आणि परत गेले. आम्ही परत फटीला.

तोवर घड्याळजी नुसता बसून होता. चष्म्याशिवाय त्याला आपला हातही धड दिसत नसावा. दिरांनी चष्मा त्याच्या नाकावर ठेवला, कानामागे बोटं फिरवून बघितली.

"हीपण प्रीतीच का?" घड्याळजीनं विचारलं.

"नाही. काडी वाकडी होती." मग दिरांनी हात मागे घेतले. "माझं चुकलं. मला माफ कर."

"कशाबद्दल?"

"बसून आठवलं, त्याबद्दल. पाटीचं काय एवढं, ती तू काही मुद्दाम लावली नव्हतीस. मी उगाच..."

चष्मा नीट बसला होता, तरी घड्याळजीनं तो मनगटानं मागे ढकलला.

"मुद्दामच लावली होती," तो म्हणाला.

"काय?"

"तुझा चष्मा माझ्या घड्याळापेक्षा मोठा दिसत होता. गिऱ्हाईक आधी तिकडे बघायचं. म्हणून घड्याळ हातभर तुझ्या बाजूला टांगलं. कितीदा वाटलं सांगावं. पण तुला कधी काही वाटेचना, मग सांगणार काय? आणि तू अचानक येऊन नेमकी त्याचीच क्षमा करायला लागलास, तेव्हा मला वाटलं, याला कुठूनतरी कळलं."

दीर वळले आणि इकडे दुकानात आमच्याकडे आले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण कान लाल झालेले पहिल्यांदाच बघत होते.

"वहिनी, मुद्दाम लावली होती."

"ऐकलं, भाऊजी."

"इतकी वर्षं मी एका डोळ्याचा म्हणून हसतोय त्याच्याबरोबर. आणि तो मुद्दाम."

"मग झालं तर," जाऊबाई म्हणाल्या. "अस्सल वैरी मिळाला. आता करा प्रीती."

"होत नाहीये," दीर म्हणाले. ते खरोखर घाबरले होते. "मला त्याचा राग आलाय. आधीचा वैरी बरा होता, त्याच्यावर लगेच होत होती. याच्यावर होतच नाही."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्यात मनोऱ्यातल्या घड्याळात चारचे ठोके पडले, आणि भिंतीपलीकडे कडी निघाल्याचा आवाज आला. खिडकी उघडली. चहाचा कप तेवढा आत आला. कप धरणारा हात तिथेच थांबला, बशीत थोडा चहा सांडला होता.

दिरांनी कपाकडे पाहिलं. मग कपाटावरच्या क्रुसाकडे पाहिलं. त्या पाहण्यात जी काही बोलणी झाली ती त्यांची त्यांना ठाऊक, पण ती लांबली. कप तसाच अधांतरी. रविवारी चर्चच्या दाराशी फडकं घेऊन उभे असतात तेव्हा ते हसरे असतात, प्रार्थनेत असतात तेव्हा तर या जगात नसतात. या वेळी मात्र ते घामाघूम झाले होते. शेवटी त्यांनी दोन पावलं टाकली, कप घेतला आणि एक घोट प्यायले.

"साखर कमी आहे," ते दातांतून म्हणाले.

पलीकडून आवाज आला, "मुद्दामच कमी घातली."

दिरांना ठसकाच लागला. चहा सदऱ्यावर, नाकात, सगळीकडे. ते हसत होते की खोकत होते हे आम्हाला कळेना, पलीकडच्यालाही कळलं नसावं, कारण खिडकीत त्याचा घाबरा चेहरा दिसला आणि मग तोही हसायला लागला.

त्या आठवड्यातच घड्याळजीनं शिडी लावून आपलं घड्याळ हातभर सरकवलं. मागून चष्म्याची दुसरी काच बाहेर आली, ऊन न लागलेली, कोऱ्या रंगाची. पहिली उन्हानं फिकी पडलेली. पत्र्याचा तो चष्मा बघून वाटायचं, एक डोळा म्हातारा आणि एक तरुण. दीर रोज रस्त्यात उभे राहून बघायचे. पण गिऱ्हाइकांची पंचाईत झाली. एका डोळ्याचं दुकान शोधत लोक यायचे, दोन डोळे बघून पुढे जायचे आणि बाजारातल्या त्या वाकड्या काडीवाल्याकडे पोचायचे. महिनाभरानं दिरांनी स्वतःच शिडी धरली आणि घड्याळजीला वर चढवलं.

"नीट ऐक," घड्याळजी वरून म्हणाला, "आता मी मुद्दाम लावत नाहीये. तू सांगतोस म्हणून लावतोय."

"आणखी थोडं अलीकडे घे," दीर खालून म्हणाले. "पूर्ण झाकू दे."

हल्ली प्रवचनाच्या वेळी घड्याळजी मनोऱ्यात जात नाही. खाली आमच्या मागच्याच बाकावर बसतो, हाताची घडी घालून, अगदी लक्ष देऊन. फादरांना वाटलं, चला, एक मेंढरू परत आलं. त्यांनी मिस्सेनंतर त्याचा हात हातात घेऊन आनंद व्यक्त केला.

"तसं काही नाही, फादर," घड्याळजी म्हणाला. "याला या आठवड्यात काय लिहून दिलंय, ते मला आधी कळलेलं बरं."